फॉर्मवर 2 फूट लिहू नका

ताई, मुलीसाठी वीतभराचं कॉर्न स्नेकचं पिल्लू घेताय आणि ‘अपार्टमेंटमध्ये 20 गॅलनची टाकी कायमची पुरेल ना’ असं विचारलंय. वाचून राहवलं नाही. नॉर्थ कॅरोलायनात आमचं अगदी असंच झालं होतं.

पिल्लू 8-12 इंचांचं निघतं आणि साधारण तीन वर्षांत 3 ते 5 फुटांचं होतं. क्वचित 6 फुटांपर्यंतही जातं. आमचा साडेचार फूट आहे. ‘टाकीएवढाच वाढतो’ हे दुकानातलं वाक्य साफ खोटं. साप वाढतोच, फक्त कोंडला जातो.

उष्णता, उंदीर वगैरे तुम्ही वाचलंच असेल. मला महागात पडला तो घर भाड्याने देणाऱ्या ऑफिसचा पाळीव प्राण्यांचा फॉर्म. ‘पूर्ण वाढीनंतरची लांबी’ या रकान्यात मी दुकानदाराच्या भरवशावर 2 फूट लिहिलं. काउंटरवरच्या बाई ‘चालेल’ म्हणाल्या, तेही तोंडी. तीन वर्षांनी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने साप पाहिला आणि ऑफिसने तोच फॉर्म पुढे केला: तुम्ही खोटी माहिती दिलीत. त्या बाई नोकरी सोडून गेलेल्या. मी चार ईमेल केले, चारही वेळा तेच छापील उत्तर. तीस दिवसांत साप तरी काढा नाहीतर घर सोडा. लेक दोन रात्री टाकीजवळ झोपला. आम्ही घर सोडलं, डिपॉझिटही गेलं. एकाने जरी नीट ऐकून घेतलं असतं तर! अजून संताप होतो.

म्हणून फॉर्मवर 5 फूट लिहा आणि होकार ईमेलवरच घ्या. मी वकील नाही, नियम राज्यागणिक बदलतात. जॉर्जियात तर हा तिथलाच रानटी साप म्हणून पाळायलाच बंदी आहे.

माझ्या मते पिंजरा पहिल्यापासून 4 फूट लांब, 2 फूट रुंद घ्यावा. पिल्लू मोठ्या जागेत बुजतं म्हणतात, पण लपायला भरपूर आडोसे दिले की आमचं तरी रुळलं. झाकणाला क्लिपा हव्यातच, बोटभर फटीतून निसटतात.

आणि लांबी कातीवरून मोजू नका, कात निघताना ताणते. आमची 5 फूट भरली होती. साप निवांत पडला की पाठीवरून शिवणाचा दोरा वळणावळणाने धरायचा आणि मग तो दोरा मोजायचा.

हे साप 15-20 वर्षं जगतात, म्हणजे मुलगी कॉलेजला गेली की तो तुमच्याकडेच राहणार. राज्य कुठलं ते लिहा, नंतरच्या घरासाठी मी वापरलेला ईमेलचा मसुदा इथे टाकते.