वाचकांचे प्रश्न : कादंबरीतली तालीम

प्रश्न : बाई, मी अकरावीला मराठी शिकवते. अवांतर वाचनासाठी ‘बनगरवाडी’ घेतली आहे. मुलं गोष्ट आवडीने वाचतात, पण आशयसूत्र, प्रतीक हे शब्द निघाले की पेन काढून बसतात. ‘मॅडम, कशाचं प्रतीक ते सांगा, लिहून घेतो.’ त्यांनी स्वतः शोधावं म्हणून काय करू?
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : ही सवय आपणच लावलेली असते. मीही लावली होती. पेठेतल्या कॉलेजात असताना हीच कादंबरी घेतली. तिच्यात शाळेचे मास्तर धनगरांच्या वाडीत सगळ्यांच्या मदतीने कुस्तीची तालीम बांधून घेतात. मी फळ्यावर लिहून दिलं, ‘तालीम म्हणजे गावाची एकी.’ सहामाहीच्या चाळीस पेपरांत तेच वाक्य, काना-मात्रेसकट. तपासताना मला रडू आलं. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली पुस्तकात आणलेली ती माणदेशातली अख्खी वाडी मी एका ओळीत कोंबली होती.

पुढच्या वर्षी ‘प्रतीक’ हा शब्द महिनाभर उच्चारला नाही. वर्गाचे गट पाडले. एकाने तालमीच्या मागे जायचं, एकाने पावसाच्या, एकाने मेंढरांच्या. ती वस्तू जिथे जिथे येईल तिथला पान क्रमांक वहीत टिपायचा आणि शेजारी आपल्या शब्दांत लिहायचं : कोण बोलतंय, हात कुणाचे लागले, मास्तरांना काय वाटलं. मग मी एवढंच विचारलं, ‘तालीम उभी राहिल्यावर वाडीचं काय होतं?’ दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. एकी लिहिणारे अडले. एकी होती, तर वाडी का टिकली नाही? एक मुलगी म्हणाली, ‘ती मास्तरांची हौस होती, धनगरांची नव्हेच.’ मी म्हटलं, ‘पान दाखव.’

त्या तासाला मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली. तिच्या आजोबांची मेंढरं होती. ‘गाव सोडलं म्हणजे संपलं कसं? आमची माणसं दिवाळीनंतर बिऱ्हाडासकट कोकणात उतरायची, पावसाआधी परत यायची.’ मग ते जाणं आणि हे जाणं यात फरक काय, म्हणून सगळा वर्ग शेवटची पानं चाळायला लागला. हे मला सुचलं नसतं. तुमच्या वर्गातही असं कुणीतरी असेल, त्याला बोलू द्या.

आशयसूत्र त्यानंतर घ्या. ‘दुष्काळ’ हा झाला विषय. कादंबरी दुष्काळाबद्दल काय म्हणते, ते क्रियापदासकट पूर्ण वाक्यात लिहायला लावा. काही दिवस मुलांना प्रत्येक शेळी प्रतीक वाटेल. तेव्हा विचारा, ही गोष्ट पुन्हा येते का, आणि येताना तिचा अर्थ बदललेला असतो का? चुकीचं उत्तर आलं तर घाईने खोडू नका. पान मागा, ते आपोआप दुरुस्त होतं.

आणखी एक. हडपसरच्या मुलांना जिम माहीत असते, तालीम नसते. एखाद्या रविवारी त्यांना शुक्रवार पेठेत चिंचेच्या तालमीत घेऊन या. वस्तादांना आधी विचारून ठेवा. हौद्यातली तांबडी माती हातात घेऊ द्या. तिच्यात तेल, ताक, हळद का घालतात, ते त्यांनाच विचारू द्या. परतल्यावर तालमीच्या बांधकामाचा भाग वर्गात मोठ्याने वाचा आणि वहीतलं तालमीचं पान पुन्हा उघडायला सांगा.