कमी खायला दिलेले म्हातारे प्राणी थकण्याऐवजी जास्त हालचाल कशी करतात?

तुमची शंका रास्त आहे. पोटात कमी गेलं तर प्राण्याने पडून राहायला हवं, आणि म्हाताऱ्याने तर नक्कीच. पण कमी खायला देण्याच्या या प्रयोगांत उपासमार करत नाहीत. उष्मांक २० ते ४० टक्क्यांनी कमी करतात, प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षार मात्र पुरेसे देतात.

मी काही काळ प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं सांभाळलंय. उंदीर निशाचर, पण खाद्य सकाळी मिळत असेल तर कमी उष्मांकांवरचे उंदीर भर उजेडात तासभर आधीपासून जागे. मागच्या पायांवर उभे राहतील, जाळीला नाक लावतील, पिंजऱ्याच्या कडेने येरझाऱ्या घालतील. शेजारच्या पिंजऱ्यात ज्यांच्यापुढे खाद्य कायम असतं, ते कोपऱ्यात गाढ झोपलेले. खाद्य पडलं की कमी उष्मांकांवरचे उंदीर काही तासांत ते फस्त करतात आणि शांत होतात. हालचालीची चोवीस तासांची बेरीज मोठी दिसते ती बरीचशी या धावपळीमुळे. भुकेने लेप्टिन हे पोट भरल्याचं सांगणारं संप्रेरक घसरतं, घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक चढतं आणि मेंदू म्हणतो, ऊठ, अन्न शोध. अशा उंदरांना लेप्टिन टोचलं की धावाधाव कमी होते. तेव्हा हालचाल वाढली म्हणजे तब्येत सुधारली, असं लगेच धरू नका.

तरी सगळं श्रेय भुकेला देऊनही चालणार नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९८९पासून ऱ्हीसस माकडांवर असा प्रयोग चालला, ३० टक्के उष्मांक कमी करून. मनसोक्त खाणाऱ्या माकडांची हालचाल वयासोबत मंदावली, कमी खाणाऱ्यांची तशी मंदावली नाही. शिवाय त्यांना त्याच हालचालीला ऊर्जाही कमी लागत होती. त्यांचे स्नायूही उशिरा झडायला लागले. हा फरक मला जास्त मोलाचा वाटतो.

फक्त तुलना कोणाशी चाललीय ते बघा. विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला हवं तेवढं खायला मिळायचं. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या माकडांवरच्या प्रयोगात तुलनेच्या गटालाही मोजून खाद्य होतं, आणि २०१२मध्ये तिथे आयुष्यमानात फरक दिसला नाही. म्हणजे कोडं थोडं उलटंही आहे. कमी खाणारे चपळ का, यापेक्षा पोटभर खाणारे पिंजऱ्यात इतके सुस्त का?

माणसाला हे जसंच्या तसं लावू नका. १९४४-४५च्या मिनेसोटा प्रयोगात ३६ तरुणांचा आहार जवळजवळ निम्मा केला, तर ते चपळ होण्याऐवजी मलूल झाले. कपात मोठी होती हे खरं, पण घरातल्या वृद्धांचं जेवण उंदरांकडे बघून कमी करू नये, त्यांचे स्नायू आधीच झडत असतात.

पुढचा अभ्यास हाती आला तर हालचालीच्या एकूण आकड्यावर थांबू नका. तासागणिक आलेख आणि खाद्याची वेळ दिलीय का, ते आधी शोधा.