‘थांबून बघू’ की लगेच ऑपरेशन? लो ग्रेड ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीबद्दल

दादा, चौतिशीतल्या भावाच्या मेंदूत गाठ निघाली, थांबायचं की काढायची असं तुम्ही विचारलंत, ते वाचलं आणि आमचंच आठवलं. आधी फिट, मग एमआरआय, डाव्या बाजूला गाठ, ‘लो ग्रेड वाटतेय’. एक डॉक्टर म्हणतात सहा महिने बघू, दुसरे म्हणतात लगेच काढू. मी डॉक्टर नाही, मिस्टरांच्या आजारपणात जे कळलं तेवढंच लिहिते.

लो ग्रेड म्हणजे निरुपद्रवी नव्हे. हळू वाढते, पण वाढते, आणि पुढे ग्रेडही चढू शकतो. चौतिशीच्या माणसाला नुसतं बघत बसायला सांगणं मला पटत नाही. धोका न पत्करता निघेल तेवढी काढावी. गाठ बोलण्याच्या भागाजवळ असेल तर पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करणारा सर्जन शोधा.

आमचा जीव खाल्ला तो ऑपरेशननंतरच्या कागदांनी. रिपोर्टवर फक्त ‘ग्लायोमा, ग्रेड २’. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात आयडीएच आणि १पी/१९क्यू हे गाठीतले जनुकीय बदल (मार्कर) तपासल्याशिवाय गाठीचं नावच ठरत नाही. त्या तपासणीला ब्लॉक लागतो, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण तिथल्या पॅथॉलॉजी काउंटरवर उत्तर एकच: ‘ब्लॉक देत नाही, स्लाइड न्या.’ मग अर्ज, मग साहेबांची सही, मग साहेब रजेवर. शेवटी हातात पडला त्यावरचा नंबर इतका पुसट की रिपोर्टशी जुळेना! आणि तोवर पुढची ट्रीटमेंट अडलेली.

ती अडते, कारण सगळं या तपासणीवरच. गाठ उरली असेल किंवा वय चाळिशीपुढे असेल तर रेडिएशनसोबत पीसीव्ही (तीन औषधांची) केमो देतात. २०१६ च्या अमेरिकन अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर निम्मे पेशंट ७.८ वर्षांहून जास्त जगले, पीसीव्ही जोडल्यावर १३.३ वर्षांहून. आयडीएच बदल असेल आणि रेडिएशनची घाई नसेल तर व्होरासिडेनिब ही गोळी आहे, अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर. महाग आहे, पण विचारा तरी.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच लेखी विचारा: मार्कर कोण करणार, ब्लॉक कधी मिळणार. दुसरं मत घ्यायचंच, तर पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल. एमआरआयची सीडी घ्या, नुसत्या फिल्म नकोत. फिटची गोळी मनाने बंद करू नका. लेव्हेटिरासिटॅम या फिटच्या गोळीने भाऊ चिडचिडा झाला तर भांडू नका, डॉक्टरांना सांगा. आणि तूर्तास बाइकची किल्ली काढून घ्या, रागावला तरी चालेल.