प्रश्न तुमचे: भोंगा फिरतो, पण मंद चालीत अडतो

या खेपेला फिरत्या स्पीकरवर पत्रं आली आहेत. ज्यांनी हे यंत्र आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हॅमंडसारख्या जुन्या इलेक्ट्रिक ऑर्गनचा आवाज लेस्ली नावाच्या लाकडी कपाटातल्या (१२२, १४७ ही त्याची मॉडेलं) दोन फिरत्या भागांतून बाहेर पडतो. वर बारीक आवाजाचा भोंगा आणि खाली तोंड केलेल्या १५ इंची स्पीकरखाली खर्जाचा लाकडी ढोल. दोन्हींना मंद आणि जलद अशा दोन चाली असतात.

प्रश्न : आमच्या चर्चमधल्या हॅमंड ऑर्गनला लेस्ली १२२ जोडलेला आहे. जलद चाल ठीक आहे. मंद चालीत खालचा ढोल फिरतो, वरचा भोंगा मात्र थांबूनच राहतो. अँप्लिफायर उघडावा लागेल का? (भुसावळ)

उत्तर : अँप्लिफायरला हातही लावू नका. वरच्या आणि खालच्या मंद मोटारींना वीज एकाच रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) मिळते. खालची फिरते आहे म्हणजे रिले शाबूत आहे. दुखणं वरच्या मोटारजोडीत आहे, आणि बहुतेक वेळा ते विजेचं नसून रबराचं किंवा तेलाचं असतं.

जोडीत एक जलद मोटार असते आणि तिच्या डोक्यावर छोटी मंद मोटार. मंद मोटारीला वीज मिळाली की तिचा दांडा किंचित सरकतो आणि जलद मोटारीच्या दांड्यावरच्या रबरी कडेच्या चाकाला टेकतो. हे रबर कडक आणि चकचकीत झालं की दांडा नुसता घसरत राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा बंद कपाटातल्या रबराचं काय होत असेल ते सांगायला नको.

मागची वरची फळी काढा आणि वीज बंद ठेवून भोंग्याला बोटाने झोका द्या. तो न खरखरता काही फेरे घेऊन हळूहळू थांबला पाहिजे. लगेच अडकला तर बेअरिंग सुकलं आहे किंवा पट्टा फार ताणलेला आहे. तिथे ठीक वाटलं तर मंद चाल लावून लांबूनच, बॅटरीच्या उजेडात मोटारीकडे पाहा. छोटा दांडा फिरतोय पण चाक हलत नाही, तर रबर गेलं. मोटार नुसती गुंजते आणि दांडा फिरत नाही, तर तेल गोंदासारखं घट्ट झालंय. आवाजही नाही आणि हालचालही नाही, तरच वायर आणि मोटारीची कॉइल मल्टिमीटरने तपासायची, तीही प्लग काढून.

रबर गेलं असेल तर आधी चाक आणि दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. चकाकी गेली नाही तर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. त्यावर काही दिवस निघतात, पण ती मलमपट्टीच. कायमचा उपाय म्हणजे नवं रबर. चाकाला खाच असेल तर तिची रुंदी आणि तळाचा व्यास कॅलिपरने मोजा आणि हायड्रॉलिक सीलच्या दुकानातून तेवढ्या जाडीची नायट्राइल ओ-रिंग आणा. तिचा आतला व्यास खाचेपेक्षा थोडा कमी हवा, म्हणजे ती घट्ट बसते. ओ-रिंग गोंदाने चिकटवू नका. गोंदाचा एक थेंब राहिला तरी प्रत्येक फेऱ्याला टक्-टक् ऐकू येईल.

रबर बदलल्यावर मंद मोटारीचे स्क्रू सैल करून तिची जागा पुन्हा बसवावी लागते. वीज नसताना दांडा रबराला टेकता कामा नये, मधून उजेडाची रेघ दिसली पाहिजे. टेकलेला राहिला तर जलद चालीत घरघर होते आणि नवं रबर लवकर झिजतं.

तेलाचं म्हणाल तर शिलाई मशीनचं पातळ, बिनवासाचं तेल चालतं. प्रत्येक बेअरिंगजवळच्या नमद्यावर दोनच थेंब, आणि नमदा ते पिईपर्यंत थांबायचं. गंज सोडवायचा फवारा मारू नका. तो असलेलं तेलही धुऊन नेतो आणि महिन्याभरात मोटार पुन्हा अडते.

प्रश्न : अमेरिकेतून आलेला लेस्ली आम्ही ११० व्होल्टच्या ट्रान्स्फॉर्मरवर चालवतो. सगळं सुरू आहे, पण जलद चालीतली थरथर रेकॉर्डिंगमध्ये ऐकतो तशी चपळ वाटत नाही. (जळगाव)

उत्तर : ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट उतरवतो, फ्रीक्वेन्सी नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. या मोटारींची चाल फ्रीक्वेन्सीवर ठरते, म्हणून सगळं पाच-षष्ठांश वेगाने फिरतं. भोंग्याची जलद चाल मिनिटाला सुमारे ४०० फेरे आणि मंद सुमारे ४८ अपेक्षित आहे. तुमच्याकडे ती ३३३ आणि ४०च्या आसपास भरेल. खात्री करायची तर भोंग्याच्या एका तोंडावर खडूची खूण करा आणि मंद चालीत १५ सेकंद फेरे मोजा. बारा भरले तर बरोबर, दहा भरले तर वर सांगितलेलाच प्रकार. खर्जाचा ढोल मुळातच थोडा हळू, मंद चालीत सुमारे ४० फेऱ्यांचा असतो. त्याचे १५ सेकंदांत दहा फेरे यायला हवेत. दोघांचा वेग जुळवायला जाऊ नका. भोंगा क्षणात वेग घेतो आणि जड ढोल मागून सावकाश येतो, सगळी गंमत त्या मागे-पुढे होण्यातच आहे.

उपाय पुलीत आहे. वरच्या मोटारीच्या पुलीला तीन पायऱ्या असतात. पट्टा मोठ्या पायरीवर टाकला की वेग वाढतो, आणि बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. खालच्या मोटारीची पुली मात्र लेथवर नवी करून घ्यावी लागते. खाचेच्या तळाशी व्यास मोजा आणि त्याला १.२ ने गुणा. जुनी २० मिमी भरली तर नवी २४. मधलं भोक दांड्याच्या मापाचं नेमकं हवं. हललं तर ढोल झोकांड्या खातो.

५० हर्ट्झवर त्याच व्होल्टला मोटारी आणि ट्रान्स्फॉर्मर जास्त तापतात. ११० ऐवजी १२० येत असतील तर ट्रान्स्फॉर्मरचा टॅप (व्होल्ट निवडायची जोडणी) खाली घ्या. तासभर वाजवून वीज बंद करा आणि मोटारीला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर थांबा.

ऑर्गनही मोटारीने फिरणाऱ्या चक्रांतून स्वर काढणारा हॅमंड असेल तर दुखणं वेगळं आणि मोठं आहे. त्याचा स्वरच मोटारीवर ठरतो. ६० हर्ट्झचा ऑर्गन ५० वर लावला की पांढरी एक दाबल्यावर खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येते, तीही जराशी उतरलेली. तिथे पुलीने भागत नाही, ६० हर्ट्झ देणारा इन्व्हर्टर लागतो.

प्रश्न : लेस्ली १४७ची केबल १२२ला बसते. दोन्हीकडे सहा पिनाच आहेत. वापरू का? (धुळे)

उत्तर : अजिबात नाही. पिना सारख्या, जोडणी वेगळी. १२२मध्ये आवाज दोन पिनांवरून एकमेकांच्या उलट (बॅलन्स्ड) येतो आणि चाल बदलण्याचा इशारा त्याच तारांवरून जातो. १४७मध्ये चालीच्या पिनेवर थेट मेन्सची वीज असते. ती १२२च्या आवाजाच्या वाटेत शिरली की काय जळेल ते सांगता येत नाही. शिवाय कोणतीही केबल वीज चालू असताना ओढू नका. या कपाटाला मेन्स त्या केबलमधूनच जाते, आणि आत ६५५० नावाच्या काचेच्या व्हॉल्व्हसाठी ४०० व्होल्टच्या घरातला डीसी असतो. तो बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतो.

प्रश्न : घरगुती ऑर्गनमध्ये थर्माकोलचा फिरता ढोल आहे. फिरताना खस्-खस् आवाज येतो. (अमळनेर)

उत्तर : जवळपास जिनिंग असेल तर आधी रुई शोधा. कापसाचे तंतू दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि बेअरिंगमधलं तेल शोषून घेतात. चिमट्याने काढा. ब्लोअर मारलात तर ते आणखी आत जातील. नंतर मोटारीचे रबरी ग्रोमेट, म्हणजे मोटार ज्यांवर बसवलेली असते ती रबरी कडी, पाहा. ते वितळून बसले की मोटार कलते आणि ढोलाची कड चौकटीला घासते. घासल्याची जागा ढोलावर खरवडलेल्या पट्ट्यासारखी दिसते. ग्रोमेट बदला, ढोल कापू नका. तडा गेला असेल तर लाकडाचा पांढरा गोंद वापरा. चपलेला लावतात तो पिवळा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो.

प्रश्न : भोंग्याला दोन तोंडं आहेत, पण एकातूनच आवाज येतो. दुसरं तुंबलंय का? (नंदुरबार)

उत्तर : नाही. ते मुळातच बंद असतं, फक्त तोल राखायला ठेवलेलं. टोकरून मोकळं करू नका.