बहिणीकडे माहेरच्या नावाचा भारतीय आणि सासरच्या नावाचा अमेरिकन, असे दोन पासपोर्ट आहेत. नागपूरला येताना कोणता दाखवायचा?

सरळ उत्तर आधी देते: भारतीय पासपोर्ट कुठेही दाखवायचा नाही. ना तिकडच्या विमानतळावर, ना सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर. त्याची मुदत कितीही शिल्लक असली तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की बहिणीने मागच्या वर्षी न्यू जर्सीत अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली आणि तिकडचा पासपोर्ट सासरच्या नावाने आला. भारतीय पासपोर्ट माहेरच्याच नावाचा आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येण्याजाण्यासाठी मिळतं ते) काढलेलं नाही, आणि मे महिन्यात भावाच्या लग्नाला ती लहान मुलाला घेऊन येतेय. कुणीतरी सुचवलं की निघताना अमेरिकन दाखव, नागपूरला उतरताना भारतीय दाखव, नावाबद्दल विचारलं तर लग्नाचं सर्टिफिकेट पुढे कर. त्या भरवशावर तिकीटही माहेरच्या नावाने निघालंय. शिवाय आईच्या जुन्या पासपोर्टवरच्या व्हिसाचं तुम्ही विचारलंय, त्यावर शेवटी येते.

मी धरमपेठेत विमान तिकिटांचं काम करते. अमेरिकेत मुलगी किंवा मुलगा असलेली घरं आपल्याकडे आता गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हा प्रश्न टेबलावर नेहमी येतो. आणि जवळपास प्रत्येक वेळी विचारणाऱ्याला वाटत असतं की घोळ नावाचा आहे. नावाचा घोळ कागदाने सुटतो. खरी अडचण ही की त्या दोनपैकी एक पासपोर्ट आता पासपोर्टच राहिलेला नाही.

आपल्या राज्यघटनेचं कलम 9 आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9, दोन्ही एकच सांगतात: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाचा आदेश लागत नाही. तुमच्या बहिणीने ज्या दिवशी हात वर करून शपथ घेतली, त्याच दिवशी ती कायद्याने परदेशी नागरिक झाली. पुस्तिकेवर छापलेली तारीख पुढची असली म्हणून ती पुस्तिका वापरता येत नाही. उलट ती तशीच जवळ ठेवणं आणि तिच्यावर प्रवास करणं हा 1967 च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा ठरतो.

नेटवर शोधलं की दोन पासपोर्टवाल्या लोकांचे भरपूर सल्ले सापडतात. ज्या देशाच्या दारात उभे आहात त्या देशाचा पासपोर्ट दाखवा, तिकीट एकाच नावाने काढा, नाव बदलल्याचा पुरावा सोबत ठेवा. अमेरिका आणि इटली, किंवा कॅनडा आणि ब्रिटन असं दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांसाठी तो सल्ला बरोबर आहे, कारण त्या देशांना दुहेरी नागरिकत्व चालतं. तरी तिथेही बंधनं आहेतच. अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत शिरताना आणि तिथून निघताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा, हा तिकडचा कायदा आहे. कॅनडाला जाणाऱ्या विमानात बसायला दुहेरी नागरिकांना 2016 पासून कॅनडाचाच पासपोर्ट लागतो. त्यातून सूट आहे ती अमेरिकन पासपोर्टवाल्यांना. ब्रिटनचं पासपोर्ट कार्यालय तर दोन्ही पासपोर्टवर एकच नाव असावं असा आग्रह धरतं. तुमच्या नातेवाइकांनी हाच सल्ला उचलून आपल्याकडे लावला. भारताला मात्र दुहेरी नागरिकत्व मान्यच नाही, त्यामुळे तो इथे लागू पडत नाही.

समजा तिने तसं केलंच, तर कुठे अडेल ते बघा. येताना कदाचित अडणारही नाही, आणि तिथेच माणूस फसतो. अमेरिकेतून बाहेर पडताना आपल्यासारखा इमिग्रेशनचा काउंटर नसतो; विमान कंपनीच प्रवाशाची माहिती सरकारला पाठवते. तिकीट माहेरच्या नावाचं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा, कंपनी दोहामार्गे नागपूरचा बोर्डिंग पास देऊन मोकळी होईल. नागपूरला पहाटे उतरल्यावर भारतीय पासपोर्टवर आगमनाचा शिक्का बसेल. घरचे म्हणतील, बघा, काही झालं का?

आता परतीचा दिवस. सोनेगावला चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी भारतीय पासपोर्ट उघडते आणि अमेरिकेचा व्हिसा शोधत एकेक पान उलटते. व्हिसा नाही. मग ती ग्रीन कार्ड मागते. ग्रीन कार्ड शपथेच्या वेळीच सरकारजमा झालेलं असतं. त्यामुळे पर्समधून अमेरिकन पासपोर्ट काढावाच लागतो. त्यावर आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं, तिकिटाशी काही जुळत नाही. विमान कंपनीने समजून घेतलं तरी पुढे इमिग्रेशनचा अधिकारी बसलाय. अमेरिकन पासपोर्टवर भारताचा व्हिसा नाही, ओसीआय नाही, आगमनाचा शिक्का नाही. मग तुम्ही भारतात आलात कशा, हा त्याचा पहिला प्रश्न असणार, आणि त्याचं खरं उत्तर देताना दुसरी पुस्तिका त्याच्या हातात जाणार. एका बाईच्या दोन देशांच्या, दोन नावांच्या पुस्तिका त्याच्यासमोर उघड्या पडल्या की पुढची चौकशी किती लांबेल हे कुणी सांगू शकत नाही. सोबत लहान मूल, मागे परतीचं विमान लागलेलं. हे टाळण्यासाठीच मी इतकं लांबण लावून लिहितेय.

‘अमक्याची मुलगी अशीच येऊन गेली, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही’ हे तुम्हाला नक्की ऐकवतील. ज्यांचं तेव्हा निभावलं त्यांचा हिशेब पुढे भारतीय पासपोर्ट जमा करताना होतो. नागरिकत्व घेतल्यानंतर त्या पुस्तिकेवर प्रवास केला असेल तर पानांवरचे शिक्के तिथे दिसतातच, आणि दंड लागतो.

मग करायचं काय? पहिली पायरी सरेंडर सर्टिफिकेट. भारतीय पासपोर्ट रीतसर जमा करायचा, म्हणजे नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि रद्दचा शिक्का मारून पुस्तिका परत येते. अमेरिकेत हे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीमार्फत भारतीय दूतावासाकडे जातात. इथे नावाचा फरक समोर येतो आणि इथेच तो कायमचा मिटवायचा. भारतीय पासपोर्टवरचं नाव आणि अमेरिकन नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरचं नाव यांच्यामधला दुवा जोडणारा कागद लागतो. लग्नामुळे नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नागरिकत्व घेताना कोर्टामार्फत बदललं असेल तर त्या आदेशाची प्रत.

या दुव्याकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडे लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. आणि तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिण्याची हौस केली असेल तर पहिलं नावही जातं. म्हणजे तीनपैकी तीनही शब्द वेगळे. अमेरिकेतल्या कारकुनाला ही दोन पूर्ण वेगळी माणसं वाटली तर त्याचा काय दोष? विवाह प्रमाणपत्रावर तिचं पहिलं नाव कोणतं लिहिलंय ते तुम्ही आजच काढून बघा. लग्न नागपुरात झालं असेल तर नोंद महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात असेल आणि प्रत तिथून मिळेल. प्रमाणपत्रावर नव्या नावाचा पत्ताच नसेल आणि नाव महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात बदलून घेतलेलं असेल, तर ते राजपत्र शोधा. हे धावपळीचं काम इथल्या माणसाने करायचं असतं. तिला तिकडून फोनवर ते होत नाही.

दुसरी पायरी ओसीआय. 2005 साली सुरू झालेली ही सोय म्हणजे नागरिकत्व नव्हे, तर भारतात कितीही वेळा येण्याजाण्याचा आयुष्यभराचा व्हिसा. त्यावर नाव अमेरिकन पासपोर्टप्रमाणेच घालायचं, एका अक्षराचाही फरक नको. पुढे पुन्हा नाव बदललं तर कार्डही नव्याने काढून घ्यायचं. ज्यांचं ओसीआय माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा आहे, त्यांनाही माझं हेच सांगणं असतं.

मे महिन्यापर्यंत ओसीआय हातात पडेल का, याची हमी कुणी देऊ नये. म्हणून लग्नासाठी ई-व्हिसाचा विचार करा. अमेरिकन पासपोर्टवर तो मिळतो, आणि ई-व्हिसावर उतरता येणाऱ्या विमानतळांच्या यादीत नागपूर आहे. अर्जात पूर्वीचं राष्ट्रीयत्व विचारतात, तिथे भारतीय असंच लिहायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि लपवलं तरच त्रास आहे. जुन्या पासपोर्टचा प्रश्न त्यातही निघू शकतो, म्हणून सरेंडरचा अर्ज आधी टाकलेला बरा. भाचा तिकडे जन्मलेला आणि अमेरिकन पासपोर्टवर असेल, तर त्यालाही स्वतंत्र व्हिसा किंवा ओसीआय लागेल. लहान मूल आईच्या व्हिसावर येत नाही. वडील सोबत नसतील तर त्यांचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला तिने जवळ ठेवावा.

आता तिकीट. ते माहेरच्या नावाने आहे, म्हणजे ते बदलावं लागणार. स्पेलिंगमधली एकदोन अक्षरं कंपन्या दुरुस्त करून देतात, पण आख्खं नाव बदलायला सहसा तयार नसतात, कारण तिकीट दुसऱ्याला विकल्यासारखं ते दिसतं. माणूस तोच आहे, नाव लग्नामुळे बदललंय, हे प्रमाणपत्र पाठवून दाखवलं तर काही कंपन्या करून देतात. ज्याने तिकीट काढलं त्याच्यामार्फतच बोला. वेबसाइटवर स्वतः खटपट करू नका, आणि प्रवासात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं असतील तर दोन्हीकडे नाव बदललंय याची खात्री करून घ्या. एकीकडे बदलतं आणि दुसरीकडे जुनंच राहतं, हे मी पाहिलेलं आहे. मुंबईहून नागपूरचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तेही विसरू नका, देशांतर्गत प्रवासातही ओळखपत्रावरचं नाव जुळावं लागतं. कंपनी ऐकतच नसेल तर कॅन्सलेशनचे पैसे सोसून नवीन तिकीट काढा. पैसे जातील, पण ते नुकसान सर्वात लहान आहे. नवीन तिकिटावर अमेरिकन पासपोर्टमध्ये जे आडनाव आणि जे नाव छापलंय तेच, त्याच क्रमाने.

राहिला आईचा प्रश्न. त्यांचं प्रकरण वेगळं आणि निर्धोक आहे. दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे, जुना रद्द झालेला, कोपरे कापलेले, पण त्यावरचा दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा मुदतीत. पासपोर्ट संपला म्हणून व्हिसा संपत नाही. दोन्ही पुस्तिका सोबत न्यायच्या, व्हिसाचं पान सोडवायचं किंवा फाडायचं नाही, आणि तिकीट नव्या पासपोर्टच्या नावाने काढायचं. नाव कायदेशीर बदललं असेल तर नवीन व्हिसा घ्यावा अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शिफारस आहे, म्हणजे प्रवास सोपा होतो. आईच्या बाबतीत फक्त मधलं नाव किंवा स्पेलिंग बदललं असेल तर मी नाव बदलल्याचा मूळ कागद देऊन जुन्याच व्हिसावर पाठवेन. आडनावच बदललं असेल आणि जायला अवकाश असेल तर नवीन व्हिसा काढून घेईन, कारण त्या एकट्या जाणार, इंग्रजीत समजावून सांगणं त्यांना जड जाणार, आणि काउंटरवर त्यांच्या बाजूने बोलायला आपण नसणार.

एक गोष्ट आईच्या निमित्ताने इतरांसाठीही. काही जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आणि पूर्ण नाव एकाच ओळीत असतं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून केवळ एकच शब्द नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने प्रवेश देणं थांबवलं. शारजा किंवा दुबईला फिरायला थांबण्याचा बेत असेल तर तिकीट काढण्याआधी पासपोर्टचं ते पान उघडून बघा.

बहिणीला आज रात्री फोन कराल तेव्हा तिला नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचा आणि दोन्ही पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानांचा फोटो पाठवायला सांगा. तिन्हींवरचं नाव एकाखाली एक कागदावर उतरवून घ्या, मग झोन कार्यालयातून कोणता कागद आणायचा हे तुम्हाला कळेल.