रेडिएशननंतर आतडं अडकतंय, दुर्बिणीतून ऑपरेशन होईल का?

आईचं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं रेडिएशन 3 वर्षांपूर्वी झालं, आता पोट फुगतं, उलट्या होतात, आणि नाशिकमध्येच दुर्बिणीतून ऑपरेशन करावं का, असं विचारलंयत.

होऊ शकतं, पण पित्ताशयाच्या खड्यांइतकं सोपं समजू नका. रेडिएशनने आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतात, भिंत जाड नि ताठ होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात. म्हणूनच त्रास वर्षांनी उगवतो. दुर्बिणीने छिद्रं लहान पडतात, दुखणं कमी, उठबस लवकर. आतलं काम मात्र तेवढंच नाजूक. चिकटा फार असला तर सर्जन पोट उघडतात. ते अपयश नव्हे, शहाणपण आहे.

खरी मेख जोडात, म्हणजे खराब भाग कापून उरलेली टोकं शिवतात तिथे, असते. भाजलेल्या आतड्याला टाके नीट धरत नाहीत, जोड गळू शकतो. म्हणून खराब भाग काढल्यावर जोडाचं निदान एक टोक तरी रेडिएशन न लागलेलं हवं. कधी काही महिने पोटावर शौचाची पिशवीही लावावी लागते. हे दोन्ही आधीच स्पष्ट विचारा.

माझ्या आत्याला ऑपरेशनआधी काही आठवडे फक्त वजन नि प्रोटीन सुधारायला लावलं होतं. तेव्हा आम्ही वैतागलो होतो! तिचं आतडं दोनदा अडकलं ते द्राक्षांच्या सालींनी (नाशिककरांचं दुर्दैव), तेव्हा साली, बिया, मेथी सध्या बंद.

शौचातून नुसतं रक्त जात असेल तर बहुधा एंडोस्कोपीनेच (पोट न कापता गुदद्वारातून दुर्बीण घालून) भागतं. फाइल घेऊन परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्या. मात्र उलट्या थांबत नसतील आणि गॅसही सरत नसेल, तर मुंबईची वाट न बघता जवळचं हॉस्पिटल गाठा.