आईच्या संमतीविना दत्तक : दाद मागता येते का?

प्रश्न : पतीशी वाद झाल्यापासून, म्हणजे गेले दीड वर्ष, मी माहेरी राहते. माझा साडेचार वर्षांचा मुलगा सासरी आहे. पतीने त्याला माझ्या मोठ्या दिरांना व जाऊबाईंना दत्तक दिल्याचे गेल्या महिन्यात कळले. मी कोठेही सही केलेली नाही. ‘दत्तकपत्राची नोंदणी झाली आहे, आता कोर्टही काही करणार नाही,’ असे सासरची माणसे सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हे मुळीच खरे नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम ९ नुसार आई किंवा वडील मूल दत्तक देऊ शकतात. परंतु दुसऱ्याने संन्यास घेतला असेल, हिंदू धर्म सोडला असेल किंवा न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवले असेल, एवढे अपवाद वगळता त्याच्या संमतीवाचून नाही. आपण माहेरी राहत होता, एवढ्याने आपली संमती गृहीत धरता येत नाही, आणि अशा संमतीविना झालेले दत्तक कायद्याने शून्य ठरते. नोंदणीमुळे कलम १६ खाली दत्तक कायदेशीर असल्याचे गृहीतक न्यायालय धरते खरे, पण ते पुराव्याने खोडून काढता येते.

सर्वप्रथम दुय्यम निबंधक कार्यालयातून दत्तकपत्राची प्रमाणित नक्कल काढा. त्यावरील सह्या, अंगठ्यांचे ठसे, छायाचित्रे, साक्षीदार आणि तारीख नीट पाहा. आपल्या नावापुढे कोणाची सही असल्यास तो बनावटपणाचा गुन्हा आहे. त्याची वेगळी पोलीस तक्रार द्या. त्या दिवशी आपण माहेरी होता हे दाखवणारी कागदपत्रे जपून ठेवा. दिरांना स्वतःचा मुलगा हयात असेल, तर कलम ११ नुसार त्यांना दुसरा मुलगा दत्तक घेताच येत नाही, हेही तपासा.

दत्तक अवैध आहे असे जाहीर करून मिळण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. मुदत कायद्यानुसार, दत्तक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. पण मी आपल्याला एक आठवडाही न दवडण्याचा सल्ला देईन, कारण ताब्याचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांच्या आतील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. आपला मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दत्तक शून्य ठरले तरी ताबा देताना न्यायालय मुलाचे हित सर्वोच्च मानते, आणि तो त्या घरात जितका रुळेल तितका आपला युक्तिवाद अवघड होत जाईल. म्हणून ताब्याच्या अर्जासोबतच त्याला भेटण्याचा अंतरिम आदेशही मागा. तिरुअनंतपुरम येथे २०२१ मध्ये आईच्या संमतीविना दत्तकासाठी दिलेले बाळ कौटुंबिक न्यायालयाने डीएनए चाचणीनंतर आईला परत दिले होते. ते बाळ तेव्हा दत्तकपूर्व संगोपनात होते आणि अंतिम आदेश व्हायचा होता.

आपण खरोखर सही केली असती, तर उत्तर वेगळे असते. कलम १५ नुसार वैध दत्तक नंतर मन बदलले म्हणून रद्द होत नाही. फसवणूक वा बळजबरी सिद्ध करावी लागते. बाल कल्याण समितीपुढे मूल समर्पित करणाऱ्या पालकांना मात्र फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात.

वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.